त्याची आठ टिकिटं, माझी तीनच

"मॅडम, तो आठवड्याला आठ टिकिटं संपवतो, माझी तीनच होतात. हे काम माझ्या आवाक्यातलं नाही का?"

समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसलेला सॉफ्टवेअर डेव्हलपर सात वर्षं कोड लिहीत होता. टिकिट म्हणजे टीमच्या यादीत नोंदलेलं एकेक काम, आणि 'तो' म्हणजे शेजारी बसणारा सहकारी. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) झोप उडालेली. 'दहापट प्रोग्रामर', म्हणजे इतरांच्या दहापट काम करणारा, हा शब्द कुठेतरी वाचून त्याने हिशेबही मांडून टाकला होता: शेजारचा दहापट, म्हणजे आपण एक दशांश.

ही तक्रार इतक्या जणांनी आणली, की शेवटी मी त्या आकड्याचं मूळ शोधलं. सॅकमन, एरिक्सन आणि ग्रँट यांचा १२ अनुभवी प्रोग्रामरांवरचा प्रयोग १९६८ साली प्रसिद्ध झाला. संशोधकांना तपासायचं होतं वेगळंच: संगणकासमोर बसून चुका शोधाव्यात, की प्रोग्राम देऊन निकालाची वाट पाहावी? लोकांच्या लक्षात राहिला तो मात्र २८ पट फरकाचा आकडा, तोही सर्वांत जलद आणि सर्वांत संथ माणसातला. पुढे लुट्झ प्रेशेल्ट यांनी दाखवलं, की त्या तुलनेत वेगवेगळ्या पद्धतींनी काम केलेली माणसं एकत्र मोजली होती.

"म्हणजे फरक नसतोच?"

"असतो." खोटा दिलासा दिला की माणूस पुन्हा येत नाही, आणि बरंच करतो. १९८४ ते १९८६ मध्ये डीमार्को आणि लिस्टर यांनी सहाशेहून अधिक डेव्हलपरांची स्पर्धा घेतली. त्यात पहिला शेवटच्याच्या सुमारे दहापट निघाला, पण मधल्याच्या अडीचपटच. एकाच कंपनीतले दोघे बहुधा सारखेच ठरले. चांगलं काम करणाऱ्यांपैकी जास्त जणांनी आपली बसायची जागा शांत असल्याचं सांगितलं. पगाराचा वेगाशी फारसा संबंध दिसला नाही. यावर तो पहिल्यांदा हसला.

मग मी त्याला वही दिली. दोन आठवडे तासातासाची नोंद करायची, स्वतःवर शेरे मारायचे नाहीत.

वहीत बरंच सापडलं. दिवसाचे दोन तास इतरांचा कोड तपासण्यात आणि ज्युनिअरांच्या शंकांत जात होते. त्या कामाचं टिकिट कुठेच नव्हतं. एक बग (प्रोग्राममधली चूक) जुन्या कोडमधला होता, ज्याला कुणी हात लावायला धजत नसे. त्यात चार दिवस गेले, मोजणीत एक टिकिट. शेजाऱ्याच्या आठांपैकी तीन तर स्क्रीनवरचा मजकूर बदलण्याची होती.

पण आणखी एक नोंद होती, तीन वेळा आलेली: "सकाळी १० ते ४, अडकलो."

"कुणाला विचारलं नाहीत?"

"सात वर्षं झाल्यावर कसं विचारायचं?"

हे सहा तास मात्र त्याचेच होते, आणि मी तसं सांगितलं. पाऊण तास अडलं की उठून विचारायचं, एवढंच ठरवलं. पहिल्यांदा तो त्या जलद सहकाऱ्याकडेच गेला. वीस मिनिटांत गाठ सुटली. येताना त्याला कळलं, की त्या गड्यानेही तिथेच पूर्वी दोन दिवस घालवले होते.

आता आठवड्याला चार-पाच होतात. कधी तीनच. रिव्ह्यूचे, म्हणजे इतरांचा कोड तपासण्याचे तास टिकिटांच्या बोर्डावर दिसावेत असं त्याने टीमच्या लीडला सुचवलं आहे. लीड "बघू" म्हणाला. वही अजून चालू आहे.