ओळखीतली माणसं ‘दहा मिनिटांचं काम’ म्हणत पोस्टर, चित्रं मागतात. नाही कसं म्हणायचं?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की डिझाइन आणि चित्रांची कामं नुकतीच सुरू केली आहेत, नातेवाईक आणि जुने मित्र ‘दहा मिनिटांचं तर काम आहे’ म्हणत फाइल पाठवतात, आणि नाही म्हटलं तर संबंध बिघडतील असं वाटतं. संबंधांचं मी सांगू शकत नाही, तुमची माणसं तुम्हालाच ठाऊक. त्या दहा मिनिटांबद्दल मात्र मला बोलायचंच आहे.

जुन्या पोस्टरवरचं एक नाव बदलायचं, एवढंच काम धरा. आधी फाइल शोधायची. हाती लागते ती छपाईला पाठवलेली पीडीएफ. तिच्यात अक्षरांचे आउटलाइन केलेले असतात, म्हणजे ती टाइप करून बदलता येत नाहीत, नुसते आकार उरलेले असतात. मग मूळ फाइल उघडायची, तर फॉन्ट गायब, कारण मधे कॉम्प्युटर बदललेला असतो. फॉन्ट टाकला तर त्याची नवी आवृत्ती, ओळी सरकतात. नवं नाव जुन्यापेक्षा लांब, ते शेजारच्या फोटोवर चढतं. तेवढंच लहान केलं तर बाकीच्या नावांच्या ओळीत विजोड दिसतं, म्हणून सगळीच नावं लहान करायची. नंतर ३ मिमी ब्लीड, म्हणजे कागद कापताना कडा पांढरी राहू नये म्हणून बाहेर वाढवलेला भाग, तपासा, सीएमवायके म्हणजे छपाईच्या चार रंगांतली पीडीएफ काढा, मोबाइलवर फिरवायला वेगळी जेपीजी काढा. संध्याकाळी फोन येतो की नावातली वेलांटी चुकली, आणि मजकूर त्यांनीच तसा दिलेला असतो. दीड-दोन तास गेले. समोरच्याला यातलं काही दिसत नाही, त्यात त्याचा दोष नाही. तुम्हाला सगळं ठाऊक असून तुम्ही ‘बरं, पाठव’ म्हणता, हा दोष तुमचा.

नकार दोन ओळींचा ठेवा आणि शक्यतो २४ तासांत द्या. ‘दादा, हे काम मला घेता येणार नाही. तुझी तारीख जवळ आहे म्हणून लगेच कळवतोय.’ बस. कारण देऊ नका. कारण दिलं की समोरचा त्यावर तोडगा काढतो: वेळ नाही म्हटलं तर ‘मग पुढच्या आठवड्यात दे’, बरं नाही म्हटलं तर ‘बरं वाटलं की कर’. ‘बघतो’ हे तर नकाराहून वाईट, कारण तो माणूस दुसरीकडे विचारत नाही आणि ऐनवेळी अडकतो. संबंध बिघडतात ते बहुतेक अशा लोंबकळत ठेवण्यानं. नको असलेलं काम टाळायला दुप्पट दर सांगण्याची युक्तीही मला पटत नाही. तो ‘चालेल’ म्हणाला की ते काम तुमच्या गळ्यात.

घेतलेल्या कामाच्या मर्यादा सुरुवातीलाच लिहून द्या, बोलण्यात नको. रफ म्हणजे कच्चं रेखाटन, मग लाइन म्हणजे पक्क्या रेषा, मग रंग, असे टप्पे पाडा आणि प्रत्येकाला लेखी होकार घ्या. रंग भरून झाल्यावर ‘माणूस बसलेला दाखवा’ म्हटलं तर ते दुरुस्ती नसून नवं चित्र आहे: अंगस्थिती बदलली की कपड्यांच्या घड्या, सावल्या, मागची मोकळी जागा सगळंच बदलतं. दुरुस्तीच्या २ फेऱ्या पुरेत. एक फेरी म्हणजे एकाच माणसाकडून आलेली एकच यादी. तिघांचे तीन वेगळे मेसेज ही फेरी नव्हे. त्यापुढे एवढंच लिहा: ‘हा बदल ठरलेल्या कामात येत नाही. त्याचे इतके पैसे आणि ३ दिवस जास्त लागतील. सुरू करू का?’ उत्तर येईपर्यंत फाइलला हात लावू नका. कधी सूट द्यावीशी वाटली तर बिलात त्या बदलाची पूर्ण रक्कम लिहून खाली तेवढीच वजा दाखवा. नुसतं ‘असू दे’ म्हटलं की पुढच्या वेळी तो हक्क होतो.

पैसे ५० टक्के आधी, २५ रफ पसंत पडल्यावर, २५ अंतिम फाइल देण्याआधी. काम मधेच रद्द झालं तर झालेल्या टप्प्यांचे पैसे परत मिळणार नाहीत, हेही लिहा. आणखी एक ओळ: पूर्ण पैसे मिळाल्यावरच वापराचा हक्क. कॉपीराइटबद्दलच्या १८८६च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात सामील देशांत कॉपीराइट काम तयार होताच निर्माण होतो, नोंदणी लागत नाही. म्हणून ही ओळ नुसती धमकी ठरत नाही. नोकरीत केलेल्या कामाची गोष्ट वेगळी.

‘नवख्यानं नाही म्हणू नये, आधी नाव होऊ दे’ असं सांगणारे खूप भेटतील. हा सल्ला मला साफ चुकीचा वाटतो. फुकटात केलेल्या कामाचं नाव होतं ते ‘हा फुकट करून देतो’ असंच, आणि त्या ओळखीतून येणारा पुढचा माणूसही तीच अपेक्षा घेऊन येतो. नमुने हवेत ना? मग मनानं विषय निवडा, स्वतःची ५ पोस्टरं करा. त्यात तुमची निवड दिसेल, कुणाच्या घाईची तडजोड दिसणार नाही.

हे सगळं, घरभाडं थकलेलं नसेल तर. थकलं असेल तर न आवडणारं काम खुशाल घ्या, पण आगाऊ रक्कम घेऊनच. एखाद्याला मनापासून फुकट करून द्यायचं असेल तर जरूर द्या, फक्त ते तुम्ही आपणहून सुचवलेलं असावं. आणि होकार देऊन बसलेल्या कामाला वरचा दोन ओळींचा नकार लागू नाही. तिथं जमत नाही हे कळताच सांगायचं, न झालेल्या भागाचे पैसे परत करायचे, झालेले रफ द्यायचे आणि दुसऱ्या कुणाचं नाव सुचवायचं, तेही त्या दुसऱ्याला आधी विचारून.