४×५ वर पोर्ट्रेटसाठी परवडणारी लेन्स: आधी भाता मोजा, खोली मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ४×५ इंचांच्या फिल्मचा फील्ड कॅमेरा घेतलाय, सोबत १५० मिमीची लेन्स आहे, बेलोज, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामधला घड्यांचा भाता, पूर्ण ताणला की ३०० मिमी भरतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यांत कामगारांचे चेहरे काढायचेत. हातात २५ हजार आहेत. आणि एका बंद पडलेल्या स्टुडिओतली ३०० मिमी, एफ ४.५ ची (म्हणजे छिद्र बरंच मोठं उघडणारी), बिनशटरची पितळी लेन्स स्वस्तात मिळतेय, ती घ्यावी का?

नका घेऊ. निदान पहिली पोर्ट्रेट लेन्स म्हणून तरी नका घेऊ. लेन्स वाईट असेल म्हणून म्हणत नाही, ती कदाचित फार सुंदर असेल. पण तुमच्या कॅमेऱ्यावर ती चालणारच नाही.

लेन्स अनंतावर फोकस असते तेव्हा तिला साधारण स्वतःच्या फोकल लेंथएवढा भाता लागतो. माणूस जवळ आला की भाता वाढवावा लागतो. डोकं आणि खांदे घ्यायचे तर ४×५ च्या उभ्या फ्रेममध्ये साधारण ६० सेमी उंचीचा भाग येतो. फिल्मवर चित्राची उंची १२ सेमी, म्हणजे प्रमाण १:५. या प्रमाणाला फोकल लेंथच्या सव्वापट नाही, पण १.२ पट भाता लागतो. ३०० च्या लेन्सला ३६०, २४० ला २८८, २१० ला २५२. तुमच्याकडे आहे ३००. म्हणजे ३०० च्या लेन्सने तुम्ही लांबचं सिद्धेश्वराचं तळं काढाल, समोर बसलेल्या माणसाचा चेहरा नाही. २४० जेमतेम बसते, पण नुसता चेहरा भरून घ्यायला गेलात की तीही संपते. २१० ने मात्र १:३ पर्यंत जाता येतं, तिथे २८० लागतात.

मी हा हिशेब न करता एका स्टुडिओतून अशीच ३०० घेतली होती. घरी आणून लावली, काळ्या कपड्याखाली गेलो, समोर बसलेला भाऊ ग्राउंड ग्लासवर, म्हणजे मागच्या धुरकट काचेवर, शार्प होईचना. तेव्हाच्या माझ्या कॅमेऱ्याचा भाता ३३० चा होता. नंतर जास्त भात्याचा कॅमेरा मिळाला, तरी दुसरी अडचण होतीच. १:५ ला ३०० ची लेन्स चेहऱ्यापासून १.८ मीटरवर उभी राहते. त्यामागे ३६ सेमी भाता, त्यामागे तुम्ही वाकून उभे, आणि माणसाच्या मागे थोडी जागा हवीच. दहा फुटांच्या खोलीत पाठ भिंतीला लागते. तुम्ही ज्या कारखान्यांत जाणार आहात तिथे दोन मागांमधली वाट किती असते, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता तुमची १५०. तिने डोकं-खांदे काढले तर लेन्स चेहऱ्यापासून ९० सेमीवर येते. एवढ्या जवळून नाक मोठं होतं आणि कान मागे सरकतात. हा लेन्सचा दोष नाही, अंतराचा आहे. तेच चित्र २१० ने १.२६ मीटरवरून, २४० ने १.४४ वरून येतं. चेहरा कसा दिसेल हे ठरवतं हे अंतर. लेन्सवरचं नाव त्यात काही करत नाही. पण १५० बाजूला टाकू नका. तिने १:१० वर, म्हणजे १.६५ मीटरवरून, कमरेपासून वरचा माणूस आणि त्याचा माग अशी १.२ मीटर उंचीची फ्रेम छान बसते. मला तर वाटतं तुमच्या विषयाला निम्मे फोटो असेच हवेत. कामगाराला मागापासून तोडून नुसता चेहरा दाखवला तर कारखाना गेला कुठे?

तर घ्यायचं काय? २१० मिमी, एफ ५.६, चालत्या शटरमध्ये. श्नायडर सिमार-एस, रोडेनस्टॉक सिरोनार-एन, फुजिनॉन डब्ल्यू, निकॉर डब्ल्यू, या चारपैकी जी चांगल्या अवस्थेत आणि परवडणाऱ्या भावात मिळेल ती. यांच्यातला फरक पोर्ट्रेटमध्ये दिसत नाही असं मी खात्रीने सांगतो. या लेन्स स्टुडिओत आणि जाहिरातीच्या कामात घरोघरी होत्या, त्या कामाचं डिजिटल झालं आणि त्या बाजारात आल्या, म्हणून आज आवाक्यात आहेत. बाहेरून मागवणार असाल तर कस्टम ड्युटी आणि जीएसटी धरूनच २५ हजारांचा हिशेब करा. देशातच कुणाकडे मिळाली तर फारच बरं.

जुन्या सिमारबद्दल तुम्ही वाचलं असेल. एस नसलेली, कन्व्हर्टिबल. २१० च्या लेन्सचा पुढचा गट काढून टाकला की मागच्या गटावर ती ३७० मिमी, एफ १२ होते. एका लेन्सच्या पैशांत दोन, असं वाटतं. पण ३७० ला तुमचा भाता पुरणार नाही, आणि उघड्या छिद्रावर ती बरीच मऊ काढते. २१० म्हणून मात्र ती उत्तम आहे आणि सहसा एस पेक्षा स्वस्त मिळते. मिळाली तर बिनधास्त घ्या.

थोडी जुनी चव हवी असेल तर टेसर जातीच्या लेन्स बघा. १९०२ ला झाइसच्या पॉल रुडॉल्फने केलेली चार भिंगांची ही रचना, पुढे सगळ्यांनी उचलली. श्नायडर झेनार २१० एफ ६.१, कोडॅकची साडेआठ इंची कमर्शियल एक्टार एफ ६.३, इलेक्स शटरमधली २१५ मिमीची कॅल्टार एफ ४.८. चेहऱ्याच्या मागचा भाग या लेन्स जरा वेगळ्या तऱ्हेने विरघळवतात, आणि जुन्या शटरांत पाती जास्त असल्यामुळे छिद्र गोल राहतं. नव्या कोपल शटरांत पाती पाच किंवा सात, त्यामुळे मागे खिडकी किंवा बल्ब असला की त्याचे कोन दिसतात. तुमच्या कारखान्यांत छताच्या काचांतून ठिपके पडतात, तिथे हे लक्षात येईल. मला स्वतःला माणसांसाठी टेसर जास्त आवडते. पण जुनं शटर म्हणजे सर्व्हिसिंगचा खर्च, आणि तो करणारे कारागीर आता फार कमी उरलेत. म्हणून पहिली लेन्स कोपलमधली घ्या, दुसरी आवडीची.

एफ ४.५ च्या मोहाबद्दलही बोलतो, कारण प्रश्नात तुम्ही त्यावर बराच जोर दिलाय. १:५ वर एफ ५.६ ला शार्प पट्टा साधारण ३.३ सेमीचा मिळतो. एफ ८ ला पावणेपाच, एफ ११ ला साडेसहा. आणि हे १५० ला जेवढं तेवढंच ३०० ला, चेहरा फिल्मवर तेवढाच मोठा असेल तर. माणसाच्या डोळ्यापासून कानापर्यंतच आठ-दहा सेमी भरतात. म्हणजे एफ ५.६ वरच कान गेलेले असतात. त्याहून उघडं छिद्र फोटोसाठी लागत नाही. ग्राउंड ग्लास उजळ दिसतो, फोकस सोपा जातो, एवढाच त्याचा फायदा, आणि तो एफ ५.६ ला पुरेसा मिळतो.

खरी अडचण पुढे आहे. तुम्ही फोकस करता, शटर मिटता, फिल्मचा होल्डर घालता, त्यावरचं झाकण म्हणजे डार्क स्लाइड काढता. तेवढ्यात माणूस दोन बोटं पुढे येतो आणि डोळे गेले. मागच्या थंडीत एका कारखान्यात वयस्क कारागिराचा फोटो काढत होतो. दुपारची सुट्टी, माग बंद. मी टेप लावून त्यांच्या गालापर्यंतचं अंतर पुन्हा पुन्हा मोजतोय हे मामांनी दोनदा पाहिलं. मग काही न बोलता उठले, कांडीवरचं हातभर सूत तोडलं, एक टोक माझ्या लेन्सबोर्डच्या (लेन्स ज्या पाटीवर बसते तिच्या) स्क्रूला बांधलं, आणि मी फोकस केल्यावर डोळ्याखालच्या हाडापाशी सुताला गाठ मारली. "आता गाठ गालाला लागली की मी जागेवर," म्हणाले. होल्डर घातल्यावर गाठ गालाला टेकवायची, सूत खाली सोडायचं, केबल दाबायची. त्या दिवशी चार शीटपैकी चारही डोळ्यांवर शार्प आल्या. तेव्हापासून माझ्या बॅगेत सुताची कांडी असते. हीच युक्ती दोरा लावून करणारे लोक पूर्वीही होते, पण मला ती शिकवली विणकराने.

प्रकाशाचंही बघा. उघड्या सावलीत ४०० वेगाच्या फिल्मवर एफ ८ ला १/२५० सहज मिळतो. कारखान्यात खिडकीजवळ तोच एफ ५.६ ला १/१५ वर येतो. १:५ ला भाता वाढल्यामुळे अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) आणखी द्यावा लागतो, तो विसरू नका. १:३ ला जवळजवळ पाऊण ते एक स्टॉप. एवढ्या कमी वेगाला माग चालू असताना फोटो काढू नका. जमीन थरथरते, ट्रायपॉडमधून भाता थरथरतो, आणि निगेटिव्हवर सगळं किंचित मऊ येतं. मग दोष लेन्सला दिला जातो. माग थांबण्याची वाट बघा, किंवा माणसाला दारात आणा.

विकत घेताना भिंगापेक्षा शटर जास्त बारकाईने तपासा. भिंगावरच्या एकदोन बारीक ओरखड्यांनी काही होत नाही. आतल्या कडेला पांढरे ठिपके दिसले आणि लेन्स श्नायडरची असली, तर तो आतल्या काळ्या रंगाचा प्रकार असतो, चित्रावर परिणाम नाही, उलट भाव पाडायला उपयोगी. बुरशीचं जाळं किंवा कडेला इंद्रधनुषी चकाकी असेल तर मात्र सोडून द्या, चकाकी म्हणजे भिंगांमधलं चिकटद्रव्य सुटतंय. शटरसाठी फोनचा स्लो मोशन व्हिडिओ २४० फ्रेमवर लावा आणि लेन्समागे उजेड ठेवा. १/१५ ला १६ फ्रेम उघडं दिसलं पाहिजे, १/३० ला ८. एक सेकंद आणि अर्धा सेकंदही लावून ऐका, मध्येच अडखळत असेल तर सर्व्हिसिंग आलंच. एका विक्रेत्याने मला "सगळे स्पीड बरोबर" म्हणून पाठवलेली २१० एक सेकंदाला उघडीच राहायची. पैसे परत मिळाले नाहीत. म्हणून आधी व्हिडिओ मागा, मग पैसे पाठवा. आणि घेतल्यावर मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, शटरचं तेल पातळ होऊन पात्यांवर येतं.

ती पितळी ३०० अगदीच सोडवत नसेल, तर जास्त भात्याचा कॅमेरा मिळेपर्यंत थांबा. बिनशटरच्या लेन्सला घाबरायचं कारण नाही. एक्स-रे फिल्म कापून घेतली की वेग ८० च्या आसपास येतो, कारखान्यातल्या उजेडात एफ ८ ला अर्धा ते एक सेकंद, तेवढं झाकण काढून लावता येतं, फक्त माणसाला मागाच्या खांबाला टेकवून बसवा. पण ही फिल्म लाल रंग पाहत नाही. सावळी त्वचा आणखी काळवंडते, सुरकुत्या खोल येतात. काही चेहऱ्यांना ते शोभतं, पण आपल्याकडच्या माणसाला आपण कसा दाखवतोय याचा विचार करून वापरा आणि प्रिंट त्याला दाखवा. नव्या लेन्सची चाचणी घ्यायला मात्र ती फार स्वस्त पडते.

शेवटी बोर्ड. कोपल १ या मापाच्या शटरला ४१.६ मिमीचं भोक लागतं, कोपल ० ला ३४.६. तयार बोर्डाला उगाच हजारो घालू नका. अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवर दोन-अडीच मिमीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून मी माझे सगळे बोर्ड करून घेतलेत. जाताना जुना बोर्ड सोबत न्या, कडेची खाच हुबेहूब तशीच हवी नाहीतर उजेड शिरतो. आतली बाजू चमकती ठेवू नका, मॅट काळा रंग मारा. माझ्याकडे ४१.६ चा एक जास्तीचा पडून आहे. तुमच्या बोर्डाचं माप इथे लिहा, बसत असेल तर घेऊन जा.