पार्सर मोठ्या फाइलवर का रेंगाळतो?

प्रश्न: पायथनमधला माझा पार्सर (मजकूर तोडून त्याची रचना ओळखणारा प्रोग्राम) छोट्या फाइलवर झटपट चालतो, मोठ्या फाइलवर अडतो. टोकनं (मजकुराचे सुटे तुकडे) लिस्टमध्ये ठेवून ‘पॉप(0)’ने पुढून एकेक काढतो, कीवर्डही (भाषेचे राखीव शब्द) लिस्टमध्येच शोधतो.

उत्तर: खरं दुखणं ‘पॉप(0)’मध्ये आहे. पहिलं टोकन काढलं की मागची सगळी एकेक घर पुढे सरकतात. 1 लाख टोकनं संपेपर्यंत ही सरकासरकी सुमारे 500 कोटींवर जाते. टोकनं जागेवरच राहू द्या, फक्त ‘आता कितवं’ हा आकडा वाढवत न्या. चुकलं तर मागे फिरणंही सोपं. डेकही (दोन्ही टोकांनी झटपट घालता-काढता येणारी रांग) चालेल, पण त्यात मधलं टोकन क्रमांकाने गाठणं संथ, म्हणून आमची पसंती आकड्यालाच. कीवर्ड सेटमध्ये घाला, तो शब्द आहे की नाही हे सगळी यादी न चाळता सांगतो. मात्र सेट लूपबाहेर एकदाच बांधा. दर टोकनाला नव्याने बांधलात तर लिस्टपेक्षाही महाग पडेल.