आधी विचार, अहवाल कोणाला हवाय

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. तुरुंगात काम करायचंय, गुन्हेगाराचं मन वाचायचंय म्हणतेस. मन वाचणं वगैरे मालिकांवर सोड. आधी नोंदणीचं बोलू. भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नाव लागल्याशिवाय ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून कुठेही सही करायची नाही. एमए आणि वर एखादा ऑनलाइन फॉरेन्सिक कोर्स एवढ्या जोरावर साक्षीला उभी राहिलीस, तर बचावाचा वकील पहिल्या पाच मिनिटांत तुझा निकाल लावेल, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही.

आता मुद्द्याचं. माणूस तोच, खोली तीच, पण तुला विचारलेला प्रश्न दर वेळी वेगळा असतो. कोर्ट विचारतं, याला आज खटला कळतोय का, वकिलाशी धड बोलता येतंय का? हा आजचा प्रश्न. भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 मधला (1 जुलै 2024 पूर्वी भादंवि 84) प्रश्न घटनेच्या क्षणाचा असतो: आपण काय करतोय, ते चूक किंवा बेकायदा आहे, हे मनोविकारामुळे त्याला कळतच नव्हतं का? ते कदाचित दोन वर्षांपूर्वीचं असेल. नुसतं आजाराचं निदान झालं म्हणून या कलमाचा आधार मिळत नाही, आणि आज नीट बोलतोय म्हणून तेव्हाही शुद्धीवर होता असंही नाही. तिसरा प्रश्न तुरुंगातले डॉक्टर विचारतात: हा झोपत नाही, जेवत नाही, बघता का जरा? पहिल्या दोन्हींत तू कोर्टासाठी काम करतेस, तिसऱ्यात त्याच्यासाठी. हे त्याला बसल्या बसल्या सांगायचं: “मला कोर्टाने पाठवलंय. तुम्ही बोलाल ते अहवालात येऊ शकतं. नाही बोललात तरी चालेल.” तो बहुधा म्हणेल, “पण मॅडम, तुम्ही डॉक्टरच ना?” इथे नुसतं हसून मान डोलावू नकोस. कित्येक दिवसांत कुणी आपुलकीने विचारलेलं नसतं, त्यामुळे तो घडाघडा बोलायला लागतो. थांबवून पुन्हा सांग. आणि ज्याच्यावर तू उपचार करतेस त्याचा कोर्टासाठीचा अहवाल दुसऱ्या कुणी लिहावा, असं लेखी कळव. दोन दगडांवर पाय ठेवलास तर त्याचाही विश्वास जाईल आणि कोर्टाचाही.

सगळ्यांत जपून करायचं काम म्हणजे सोळा ते अठरा वयाच्या मुलांचं प्राथमिक मूल्यांकन. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 15 नुसार, गुन्हा निर्घृण स्वरूपाचा असेल तर हे मूल्यांकन बाल न्याय मंडळ करतं आणि त्यावरून खटला प्रौढासारखा चालवायचा का हे ठरतं. मंडळात बालमानसशास्त्र किंवा बालमनोविकारशास्त्राची पदवी असलेलं कुणी नसेल, तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं. म्हणून तुला बोलावतील. मुदत पहिल्यांदा हजर केल्यापासून तीन महिन्यांची, तेव्हा “उद्या द्या मॅडम” म्हणणाऱ्याला शांतपणे नाही म्हण. हा खटला नाही, मुलावर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. म्हणून “तू का केलंस?” हा प्रश्नच विचारायचा नाही. बुद्ध्यांक काढला की काम झालं असं मानणारेही भेटतील. समज, “असं केल्यावर काय होतं?” या प्रश्नावर मुलगा म्हणाला, “पोलीस पकडतात.” एवढ्यावर ‘परिणामांची जाण आहे’ लिहिणारे अहवाल मी वाचलेत आणि मला त्यांचा राग येतो. पोलीस पकडतात हे सहा वर्षांचं पोरही सांगतं. समोरच्याच्या घरचं, स्वतःच्या आईचं, पुढच्या दहा वर्षांचं काय होईल हे त्याला दिसतं का? चार मित्र चिथावत असताना दिसतं का? शाळा कधी सुटली, घरी दारू कोण पितं, रात्री कुठे झोपतो, डोक्याला कधी मार लागलाय का, हे विचार. आईला वेगळं भेट.

नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंगबद्दल विचारलंयस. सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या सेल्वी निकालानंतर संमतीशिवाय यातलं काहीच करता येत नाही. तुझं ते कामही नाही.

उपचारांचं मात्र सविस्तर सांगते. 2022 अखेर देशातल्या कैद्यांपैकी सुमारे 76 टक्के न्यायाधीन होते, म्हणजे त्यांच्या खटल्याचा निकाल लागायचा होता. म्हणजे बारा सत्रांचा छान आराखडा तू करशील आणि चौथ्या सत्राला कळेल, त्याला जामीन झाला. म्हणून प्रत्येक भेट स्वतःपुरती पुरी असली पाहिजे. जामीन फेटाळला गेला त्या दिवशी त्याला भेटायला जा. त्याला भेटायला घरचं शेवटचं कोण आलं होतं, हे फाइलपेक्षा बराकीतल्या शेजाऱ्याला नीट ठाऊक असतं. नवीन आलेल्याचे पहिले काही दिवस सगळ्यांत धोक्याचे. जीव द्यायचं मनात येतं का, हे सरळ त्याच शब्दांत विचारायचं. विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते भरत नाही.

गटउपचारांचा फार उत्साह दिसतो तुला. इंग्लंड आणि वेल्समध्ये लैंगिक गुन्हेगारांसाठी तुरुंगात मोठा गटउपचार कार्यक्रम वर्षानुवर्षं चालला. 2017 मध्ये त्यांच्याच न्याय मंत्रालयाने आकडे काढले तर उपचार घेतलेल्यांपैकी 10 टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला, न घेतलेल्या तशाच कैद्यांपैकी 8 टक्क्यांनी. कार्यक्रम बंद केला. चांगल्या हेतूने केलेलं कामही मोजून बघावं लागतं. कॅनडातल्या अँड्र्यूज आणि बोंटा या मानसशास्त्रज्ञांनी तर आधीच बजावलं होतं, की ज्याचा धोका कमी त्याला भारी कार्यक्रमात घातलं तर उलट बिघडू शकतं. धोका मोजण्याच्या बऱ्याच प्रश्नावल्या तिकडच्याच. आपल्या माणसाला त्या लावताना गुण कुठल्या लोकसंख्येवरून ठरलेत हे अहवालात लिही, आणि ‘हा पुन्हा गुन्हा करेल’ असं वाक्य कधीच लिहू नकोस. कोणत्या परिस्थितीत धोका वाढतो, कशाने कमी होतो, तेवढं लिही.

पहिल्या दिवशी ओळखपत्र आणि परवानगीच्या पत्राच्या दोन प्रती ने. फोन गेटवरच ठेवावा लागेल, म्हणून हातात घड्याळ घाल. कैद्याचा निरोप किंवा चिठ्ठी बाहेर न्यायची नाही, कितीही केविलवाणा चेहरा केला तरी. पहिला अहवाल लिहिलास की त्यातली पद्धत दाखवायला, नाव-गाव, खटला क्रमांक, ओळख पटेल असं सगळं काढून, कच्चा मसुदा मला पाठव. मी तो बचावाच्या वकिलाच्या नजरेने वाचेन, तेव्हा लाल शाईची तयारी ठेव.

कळावे,
तुझी ताई