‘ऑप्टिकल झूम’ आणि ‘डिजिटल झूम’ : मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : एका कॅमेऱ्याच्या मराठी माहितीपत्रकात ‘प्रकाशीय झूम ५ पट, अंकीय झूम ४ पट, एकूण २० पट’ असं वाचलं. हे शब्द बरोबर आहेत का? दोन्ही झूमच असतील तर वेगळी विशेषणं कशाला? ही ‘पट’ नेमकी कशाची? आणि खुद्द ‘झूम’ला मराठी शब्द आहे का?

उत्तर : शब्दाला शब्द ठेवून पाहिलं तर भाषांतर चुकलेलं नाही. ऑप्टिक्सला आपण प्रकाशिकी म्हणतो, म्हणून ऑप्टिकल ते प्रकाशीय. आणि डिजिटल ते अंकीय. तरीही ही जोडी मला मान्य नाही, कारण तिच्यामुळे वाचणाऱ्याची दिशाभूल होते. प्रकाश दोन्ही प्रकारांत लागतोच. आणि आजच्या कॅमेऱ्यात भिंगाने झूम करून काढलेला फोटोसुद्धा अंकांच्याच रूपात साठवला जातो, म्हणजे तोही अंकीयच. खरा फरक या विशेषणांत कुठेच येत नाही. तो फरक आहे आधी आणि नंतरचा. एक झूम चित्र उमटण्याच्या आधी होतो, दुसरा ते उमटून गेल्यावर.

आधीचा म्हणजे ऑप्टिकल. झूम लेन्समध्ये एकच भिंग नसतं, भिंगांचे गट असतात. त्यातले काही गट पुढेमागे सरकले की लेन्सचं नाभीय अंतर (फोकल लेंग्थ, मिलिमीटरमध्ये सांगतात ते) बदलतं. नाभीय अंतर वाढलं की लेन्सला दिसणारा दृश्याचा कोन अरुंद होतो. ३५ मिमी फिल्मच्या मापाने सांगायचं तर २४ मिमी नाभीय अंतराच्या लेन्सला कर्णाच्या दिशेने सुमारे ८४ अंशांचं दृश्य दिसतं, १२० मिमीला सुमारे २० अंशांचं. सेन्सर (लेन्समागचा प्रकाश टिपणारा भाग) तेवढाच, त्यावरचे पिक्सेल (चित्राचे ठिपके) तेवढेच, पण आता ते सगळे त्या अरुंद तुकड्याच्या कामाला लागतात. म्हणून तपशील वाढतो.

नंतरचा म्हणजे डिजिटल. इथे लेन्स जागची हलत नाही. सेन्सरवर उमटलेल्या चित्राचा मधला भाग कापून घेतला जातो आणि तो ताणून पुन्हा मूळ आकाराचा केला जातो. आकडे मांडले की लगेच स्पष्ट होतं. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३०००, एक कोटी वीस लाख पिक्सेल. दुप्पट डिजिटल झूम केला की हाती उरतात २००० गुणिले १५००, म्हणजे तीस लाख. चौपट केला की १००० गुणिले ७५०, साडेसात लाख. पण कॅमेरा फोटो देतो तो पुन्हा एक कोटी वीस लाखांचाच! म्हणजे दर सोळा पिक्सेलांपैकी एकाच्या वाट्याची माहिती सेन्सरने पाहिलेली असते. उरलेले पंधरा आजूबाजूच्या रंगांवरून हिशेब करून भरलेले असतात. छापील फोटोवर भिंग धरलं की ठिपके मोठे दिसतात, वाढत नाहीत. तसाच हा प्रकार.

आपल्या लिपीतलंच उदाहरण घ्या. लांबवरच्या पाटीवर ‘बन’ लिहिलंय की ‘वन’, हे ओळखायचं आहे. ब आणि व यांच्यात फरक एवढाच, की ब च्या गोलात एक तिरकी रेघ असते. झूम न करता काढलेल्या फोटोत ते अक्षर समजा सहा पिक्सेल उंचीचं आलं. त्यात शिरोरेघेला एक पिक्सेल गेला, खालच्या टोकाला एखादा गेला. उरलेल्या तीन-चार पिक्सेलांत गोल आणि गोलाच्या आतली रेघ दोन्ही मावत नाहीत. सगळं मिळून एक करडा ठिपका होतो. आता लेन्सने चौपट झूम केला तर तेच अक्षर चोवीस पिक्सेल उंचीचं उमटतं, आणि रेघेला आपली जागा मिळते. डिजिटल चौपट केला तरीही अक्षर चोवीस पिक्सेल उंचच दिसतं, पण ते त्या करड्या ठिपक्याचंच मोठं रूप असतं. रेघ सेन्सरपर्यंत पोचलीच नव्हती, मग ती आणायची कुठून?

हल्लीची काही सॉफ्टवेअरं, शिकवून तयार केलेल्या (एआय) प्रणालीच्या आधारे, तिथे रेघ काढूनही देतात. फोटो एकदम कोरीव दिसतो. पण ती रेघ अंदाजाने काढलेली असते, आणि पाटीवर ‘वन’ असताना फोटोत ‘बन’ दिसू शकतं. पुरावा म्हणून, नोंद म्हणून फोटो काढणाऱ्याने हे पक्कं लक्षात ठेवावं.

आता शब्द. छपाईच्या आणि डिझाइनच्या कामातली माणसं फार नेमकं बोलतात : ‘फोटो एवढा ताणू नका, फाटेल.’ ताणणं आणि फाटणं ही जोडी मराठीत आधीपासून तयार आहे, आणि डिजिटल झूममध्ये होतं ते नेमकं हेच. म्हणून डिजिटल झूमला ‘ताणलेला झूम’ आणि ऑप्टिकल झूमला ‘भिंगाचा झूम’ म्हणावं असं मी सुचवतो. ‘कात्रण-झूम’ हाही शब्द माझ्या मनात होता, कारण चित्राचं कात्रण तर होतंच. पण नुसतं कात्रण काढून ते लहानच ठेवलं तर काही बिघडत नाही. दोष डोळ्यांत भरतो तो ताणल्यावर. नाव त्यावरून असलेलं बरं. खोक्यावर, दुकानात, फोनच्या पडद्यावर मात्र ऑप्टिकल आणि डिजिटल हेच शब्द दिसणार, त्यामुळे लिहिताना पहिल्यांदा ‘ऑप्टिकल, म्हणजे भिंगाचा झूम’ असं लिहावं आणि पुढे हवा तो शब्द वापरावा. प्रकाशीय आणि अंकीय यांची या ठिकाणी गरज मला वाटत नाही.

कोणता झूम कोणता हे ओळखायची एक खूण सांगतो. जे कॅमेऱ्याने आत्ता केलं ते फोटो काढून झाल्यावर संगणकावर करता आलं असतं का? आलं असतं तर तो ताणलेला झूम. म्हणून बहुतेक वेळा तो बंद ठेवून पूर्ण फोटो घेणं आणि नंतर सावकाश कापणं फायद्याचं : कुठून कापायचं हे तरी आपल्या हातात राहतं.

तरीही डिजिटल झूम म्हणजे निव्वळ फसवणूक, असं म्हणणं अन्यायाचं होईल. नोकियाच्या ८०८ प्युअरव्ह्यू या २०१२ च्या फोनमध्ये ४१ मेगापिक्सेलचा सेन्सर होता. एवढे पिक्सेल हाताशी असले तर मधला भाग कापूनही छोट्या आकाराचा स्वच्छ फोटो निघतो. तिथे कापणं आहे पण ताणणं नाही. गूगलच्या पिक्सेल ३ ने २०१८ मध्ये आणखी वेगळी वाट धरली. हात किंचित थरथरतो म्हणून लागोपाठच्या चित्रांत दृश्य पिक्सेलच्याही काही अंशाने सरकलेलं असतं. ती चित्रं एकावर एक बसवून खरा तपशील गोळा करायचा. हे सगळं डिजिटलमध्येच मोडतं, पण याला ताणलेला झूम म्हणता येणार नाही. असे प्रकार त्यांच्या त्यांच्या कृतीवरून वर्णन करून सांगावेत, नावासाठी अडून बसू नये.

‘पट’ हा शब्द सगळ्यात जास्त गोंधळ करतो. कॅमेऱ्यावरचा ‘५ पट’ म्हणजे डोळ्यांना दिसतं त्याच्या पाचपट नव्हे. लेन्सच्या सर्वांत मोठ्या नाभीय अंतराला सर्वांत लहान नाभीय अंतराने भागायचं. १२० भागिले २४, म्हणून ५ पट. त्यामुळे २४ ते ७२ मिमीची लेन्स ३ पट ठरते, आणि ७० ते २०० मिमीची तीन पटही भरत नाही. पण दूरचा पक्षी मोठा हवा असेल तर कामाची लेन्स ही ७० ते २०० मिमीचीच. निकॉनच्या पी१००० या २०१८ च्या कॅमेऱ्याचा झूम १२५ पट आहे, कारण त्याची लेन्स ३५ मिमीच्या मापाने २४ पासून ३००० मिमीपर्यंत जाते. शिवाय ही पट लांबीची असते. दुप्पट झूममध्ये वस्तू दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद होते, म्हणजे फोटोत चौपट जागा व्यापते. वरच्या हिशेबात दुप्पटीला एक चतुर्थांशच पिक्सेल उरले ते याच कारणाने.

फोनवर ‘पट’ मुख्य कॅमेऱ्याच्या तुलनेत मोजतात. आयफोन ७ प्लसमध्ये २०१६ साली दोन कॅमेरे होते, एक २८ मिमीच्या तोडीचा, दुसरा ५६ च्या. म्हणून २ पट. पण त्यातली कोणतीही लेन्स झूम होत नाही, एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारली जाते. मधले दीड पट, पावणेदोन पट हे ताणून दिलेले असतात. भिंगं सरकवून सलग झूम करणारे फोन थोडेच. सोनीच्या एक्सपीरिया १ मार्क ४ मध्ये २०२२ साली ८५ ते १२५ मिमी असा खरा झूम आला, आणि तो दीड पटही नाही.

तुमच्या पत्रकातली ‘एकूण २० पट’ ही ५ आणि ४ यांच्या गुणाकाराने आली आहे. गणित बरोबर आहे, पण दोन वेगळ्या गोष्टींचा तो गुणाकार आहे. त्यातली ५ पटच तपशील वाढवते. ‘ऑप्टिकल झूम ५ पट; त्यापुढे फोटो ४ पटीपर्यंत ताणला जातो’ एवढं लिहिलं असतं तर कुणाचाच गैरसमज झाला नसता.

झूमचा अर्थ सांगताना आपण ‘दूरचं जवळ आणतो’ असं म्हणतो. बोलण्यात ते खपतं, पण एक सावधगिरी हवी. चालत जवळ गेलं की पुढची वस्तू मागच्या डोंगरापेक्षा भराभर मोठी होते; झूममध्ये दोन्ही सारख्याच प्रमाणात मोठे होतात. एकाच जागेवरून काढलेल्या फोटोंत वस्तूंचं एकमेकांशी असलेलं प्रमाण दोन्ही झूममध्ये सारखंच राहतं. ते बदलतं फक्त आपली जागा बदलल्याने. ‘झूम लेन्समुळे फोटो चपटा येतो’, म्हणजे पुढचं-मागचं चिकटल्यासारखं दिसतं, हे म्हणणं म्हणूनच अर्धवट आहे. चपटेपणा लांब उभं राहिल्याने येतो.

खुद्द ‘झूम’ला पर्याय शोधू नये असं माझं मत. पाठ्यपुस्तकातला ‘विशालन’ हा प्रतिमेच्या आणि वस्तूच्या उंचीचं गुणोत्तर सांगतो. झूम म्हणजे नाभीय अंतर बदलता येण्याची सोय. ५०० मिमीची एकाच नाभीय अंतराची लेन्स दूरचा पक्षी छान टिपते, पण तिला झूम नाही. इंग्रजीत हा शब्द आवाजाच्या नकलेतून आला, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास वैमानिक विमान एकदम उभं वर घेण्याला तो वापरू लागले, आणि तिथून तो कॅमेऱ्याकडे आला. कुक कंपनीची ४० ते १२० मिमीची व्हॅरो ही चित्रपटाची लेन्स १९३२ ची. स्थिरचित्रांच्या ३५ मिमी कॅमेऱ्यांसाठी फोक्टलेंडर कंपनीची ३६ ते ८२ मिमीची झूमार १९५९ मध्ये आली. आपल्याकडे झटकन, झर्रकन, झेप, झडप, झपाटा असे वेगाचे कितीतरी शब्द झ नेच सुरू होतात, त्यामुळे ‘झूम’ कानाला उपरा वाटत नाही.

व्याकरणाचं थोडक्यात : झूम मी पुल्लिंगी धरतो, ‘या कॅमेऱ्याचा झूम चांगला आहे’. ऊकार दीर्घ. फूलचं सामान्यरूप ‘फुला-’ होतं आणि उकार ऱ्हस्व होतो, पण झूमला सामान्यरूप न करताच प्रत्यय लागतात, म्हणून ‘झूमचा’, ‘झूमने’, ‘झूममध्ये’ असंच लिहावं, ‘झुमाचा’ नको. क्रियापद म्हणून ‘झूम करणं’ पुरेसं आहे, आणि मागे येण्यासाठी ‘झूम कमी करणं’.