उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगी आजोळी जाते, तिथे तिचं इंग्रजी वाचन कसं टिकवायचं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सेमी इंग्लिशला आहे, आता सहावीत जाणार, मे महिनाभर देवगडजवळ आजोळी असते, तिथे आजी-आजोबांना इंग्रजी येत नाही, आणि जूनमध्ये शाळा उघडली की वाचताना अडखळते. मी मालवण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, दर जूनला हेच बघतो आणि माझ्या घरातही झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे पुढच्या वर्षीचं टेक्स्टबुक बॅगेत घालू नका. मी माझ्या मुलाला तेच दिलं होतं, वर कोल्हापूरहून एक जाडं इंग्रजी पुस्तक पण आणलं, म्हटलं हुशार आहे, वाचेल. पानाला पंधरा-वीस शब्द अडायचे, प्रत्येकासाठी डिक्शनरी, तिसऱ्या पानापर्यंत आठवडा गेला आणि मग ते पुस्तक दिसलं की हा मागच्या दारानं करवंदं काढायला पसार. त्याची काही चूक नव्हती, मी पुस्तकच चुकीचं दिलं होतं.

सुट्टीतलं वाचन शाळेतल्यापेक्षा सोपं असायला हवं, हे मला फार उशिरा कळलं. हू आणि पॉल नेशन या भाषा-संशोधकांनी २००० साली इंग्रजी शिकणाऱ्यांवर अभ्यास केला होता, त्यात असं दिसलं की कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट कळायची तर त्यातले साधारण ९८ टक्के शब्द आधीच माहीत असावे लागतात. म्हणजे दर पन्नास शब्दांत एखादाच शब्द नवा. घरी मोजायचं तर मुलीला साधारण अडीचशे शब्द वाचायला द्या, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायला सांगा, तेवढे संपायच्या आत मूठ झाली तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेवा. सहावीतल्या मुलीला दुसरीतलं वाटणारं पुस्तक जमत असेल तर तिथूनच सुरुवात करा, त्यात कमीपणा अजिबात नाही.

गोष्टी कुठून आणायच्या? मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर म्हणून वेबसाईट आहे, २०१५ पासून, पूर्ण फुकट. त्यावर गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत आणि बऱ्याच गोष्टी मराठीतही मिळतात, इंग्रजीतही. एकच गोष्ट आधी मराठीत वाचली की पुढे काय होणार हे माहीत असतं, मग इंग्रजी शब्दांचा अर्थ चित्रावरून आणि संदर्भावरून आपोआप लागतो. पण हे सगळं निघायच्या आधीच डाऊनलोड करून झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून घ्या. आमच्याकडे वाडीत नेटवर्क मिळेलच असं नाही, मेच्या शेवटी वळवाचा पाऊस आला की लाईट जाते, आणि मोबाईल हातात दिला की गोष्ट राहते बाजूला.

आता आजी-आजोबांना इंग्रजी येत नाही ही तुमची काळजी. मला विचाराल तर तीच तुमच्या मुलीची सगळ्यात जमेची बाजू आहे! आमच्याकडे काय झालं, माझी आई पडवीत सोलं वाळत घालत बसली होती, मुलगा बारा पानांची एक वाघाची गोष्ट घेऊन बसलेला, तिनं सहज विचारलं, "काय वाचतस रे? माका पण सांग." त्यानं एक पान इंग्रजीत मोठ्यानं वाचलं आणि मालवणीत सांगितलं, तर ही म्हणते, "मगे? मगे तो वाघ खय गेलो?" झालं, त्याला पुढचं पान वाचणं भागच पडलं. आणि तिला सांगायचं म्हणजे स्वतःला नीट कळायला पाहिजे, नुसतं वाचून पुढे जाता येत नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकीसाठी तीच गोष्ट परत, मग चुलत भावंडांसाठी, अशी एक गोष्ट चार वेळा वाचून झाली आणि चौथ्या वेळेला तो न अडखळता वाचत होता. मी समोर बसलो की तो वाचताना घाबरायचा, कारण मी लगेच उच्चार सुधारायचो. आईसमोर तसं काही नव्हतं. "वॉक"मधला ल तो आठवडाभर उच्चारत राहिला, मी गप्प बसलो, नंतर एकदाच सांगितलं, पुरलं.

वेळ दुपारची ठेवा, जेवणं झाल्यावर. सकाळी मुलं घरात थांबत नाहीत आणि थांबवूही नये, संध्याकाळी समुद्र असतो. वीस मिनिटं खूप झाली.

बाकी घरात आंब्याच्या पेट्या भरत असतील तर त्यावरचं लेबल वाचायला लावा. माझ्या भाच्यानं विचारलं होतं, आंबा हापूस मग पेटीवर अल्फान्सो का? त्याला सांगितलं की हापूस हा शब्द अल्फान्सोवरूनच आला, पोर्तुगीज नाव आहे, तर दिवसभर खोक्यांवरचं इंग्रजी वाचत फिरत होता. असं मिळालं तर घ्या, मुद्दाम धडा करू नका.

आठ-दहा गोष्टींच्या प्रिंट पुरतात, त्यातल्या दोन तिला आधीच तोंडपाठ असलेल्या घाला, म्हणजे पहिल्या दिवशी आजीसमोर बसताना धीर येईल. आणि आजीला फोन करून एवढंच सांगून ठेवा की नात वाचायची थांबली की "मगे?" विचारा.