वाचक विचारतात: उन्हाळ्यातली व्हिस्की, उन्हाळ्यातले सिगार

भुसावळ : भावाने दुबईहून आठ सिगार आणले. मार्चपासून लाकडी कपाटात आहेत. परवा एक पेटवला, तर वरचं पान तडकलं आणि धूर झोंबला. दुसऱ्या एकावर टाचणीएवढं भोक दिसतंय. बाकीचे वाचतील का?

वाचतील. पण दुखणी दोन आहेत, आणि आधी भोकाचं बघा. ते तंबाखूच्या किड्याचं काम. तो सिगार पांढऱ्या कागदावर हलकेच आपटा. तपकिरी भुकटी पडली तर टाकून द्या. या किड्याची अंडी पानातच आलेली असतात आणि २५ अंशांच्या वर ती फुटायला लागतात. भुसावळच्या मे महिन्यात एसी नसलेली कुठलीच खोली २५ च्या खाली राहत नाही, त्यामुळे गार जागा शोधत बसण्यापेक्षा अंडी मारणंच बरं. उरलेले सिगार दुहेरी झिप पिशवीत हवा काढून बंद करा. एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, मग तीन दिवस फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांना, पुन्हा एक दिवस खालच्या कप्प्यात आणि मग बाहेर. थेट फ्रीजरमध्ये टाकले तर पान फाटतं. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर पानावर दव धरतं. एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा बहुतेकदा उणे १८ पर्यंत जात नाही. आत थर्मामीटर ठेवून खात्री करा.

आता कोरडेपणा. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या. त्यात ६५ टक्के आर्द्रता राखणारं पाकीट आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. मापक आधी तपासून घ्या: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर थेंबभर पाणी, मीठ ओलं व्हावं पण विरघळू नये. दोन्ही बंद पिशवीत एक दिवस ठेवा. काटा ७५ वर यायला हवा; जितका चुकेल तितका फरक लक्षात ठेवा. सिगारना या डब्यात तीन-चार आठवडे द्या. ओला स्पंज ठेवून घाई केली, तर आतली पानं फुगतात आणि वरचं पातळ पान उभं चिरतं. डबा कूलरच्या झोतात नको: कूलर चालू असताना हवा दमट, बंद केला की कोरडी, आणि या चढउतारानेच पान जातं. नक्षीदार लाकडी ह्युमिडॉरचा, म्हणजे सिगारची ओल टिकवणाऱ्या पेटीचा, मोह आपल्याकडच्या उन्हाळ्यात टाळलेला बरा. लाकूड स्वतःच ओल पिऊन टाकतं. पानातून उडून गेलेली तेलं मात्र परत येत नाहीत, चव थोडी फिकी राहील. आणि धूर छातीत न घेता तोंडातच फिरवला तरी तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका राहतोच. हे धरूनच ठरवा.

अमळनेर : चांगली व्हिस्की 'रूम टेंपरेचर'ला प्यावी म्हणतात. आमच्या खोलीत ३८ अंश असतात. आणि पाणी घालावं की नाही?

ती रूम स्कॉटलंडमधली, १८ ते २० अंशांची. ३८ अंशांना अल्कोहोलची वाफच आधी नाकात जाते आणि बाकी सगळं झाकून टाकते. बाटली बादलीत ठेवा, माठातलं पाणी ओता, बर्फाचे चार खडे टाका आणि पाणी १८-२० वर धरून अर्धा तास थांबा. पेल्यात बर्फ टाकला तर जीभ बधिरते आणि सुगंधही दबतो, म्हणून गार करायचं ते बाहेरून.

पाणी घाला, पण मोजून. ३० मिली ओता, आधी तशीच हुंगा, मग चमच्याने पाणी. ५० टक्के अल्कोहोलच्या ३० मिली व्हिस्कीत एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली, घातलं की ती साधारण ४३ वर येते. आपल्याकडच्या नेहमीच्या ४२.८ टक्क्यांच्या बाटलीला मात्र तेवढंच पाणी ३७ च्या खाली नेतं; तिला काही थेंब पुरेत. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर दाखवलं, की ४५ टक्के किंवा त्याहून कमी अल्कोहोलमध्ये धुरकट वासाचं ग्वायाकोल पृष्ठभागाकडे येतं. अल्कोहोल फार वाढलं की ते खाली दबून राहतं. बोअरचं क्षाराचं पाणी नको, आरओचं चालेल. पाणी घातल्यावर व्हिस्की किंचित गढूळ झाली तर घाबरू नका. गार करून गाळलेली नसेल तर तसं होतं.

रावेर : जाणकार फळं, धूर, व्हॅनिला सांगतात. आम्हाला फक्त दारूचा वास येतो.

केळीच्या पट्ट्यात राहून असं म्हणू नका! पिकल्या केळ्याचा जो वास, तो मुख्यतः आयसोअमिल अॅसिटेटचा. हेच द्रव्य व्हिस्कीच्या आंबवणीत यीस्ट तयार करतं. केळ्याची एक चकती, भरताच्या वांग्याचं जळकं साल, एक लवंग, चार दाणे गूळ अशा चार वाट्या मांडा. वांग्याच्या सालाला पऱ्हाटीच्या धुराचा जो वास असतो, त्यातलं ग्वायाकोल लाकडातल्या लिग्निनच्या जळण्यातून येतं. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या कुजक्या वनस्पतींच्या जळणाच्या, धुरावर सुकवलेल्या बार्लीतूनही तेच येतं. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या धुरकट व्हिस्क्या त्यासाठीच ओळखल्या जातात. लवंगेतलं युजेनॉल ओकच्या पिंपातही असतं. एक वाटी हुंगा, मग लगेच पेला. पेला नाकापासून दोन बोटं लांब, तोंड किंचित उघडं. नाक आत खुपसलंत तर अल्कोहोलने ते बधिर होईल. पेला वर निमुळता हवा. रुंद तोंडाच्या ग्लासातून वास उडून जातो.

एका बैठकीत दोनच व्हिस्क्या घ्या, आधी साधी, मग धुरकट. उलट केलं तर साधीचं काहीच कळत नाही.

धुळे : शेवभाजीबरोबर कोणती व्हिस्की जमेल?

चव घ्यायची असेल तर कुठलीच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरचा जो उष्णतेचा ग्राहक चेतवतं, तोच अल्कोहोलनेही चेतवला जातो. काळ्या मसाल्याचा रस्सा आणि वर ४२.८ टक्के, म्हणजे नुसती आग. चव आधी घ्या, सोबत खारे न केलेले शेंगदाणे, शेवभाजी नंतर.

शहादा : उघडलेली बाटली किती दिवस टिकते?

अर्ध्याहून जास्त भरलेली असेल तर वर्षभर सहज. तळाशी पाव उरली की लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, हवेने चव बसते. बुचाची बाटली नेहमी उभी ठेवा, आडवी ठेवली तर अल्कोहोल बूच खातं. उन्हाच्या खिडकीत ठेवू नका.